रायगडाला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं?

फ्रेंच शिकायला सुरुवात केलेल्या कुणीही ‘किल्ला’ हा शब्द शब्दकोशात शोधला की बहुधा ‘शातो’ हाती येतो. मग तो शातोची चित्रं बघतो. निळसर उतरत्या छपरांचे महाल, पुढे आखीव बागा, तळ्यात पोहणारे हंस. इकडे महाडहून पाचाडच्या रस्त्याला लागलं की समोर उभा राहतो तो नुसता काळा कातळ. या दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

प्रश्न साधा आहे आणि आता तो गडावर माहिती सांगणाऱ्यांनाही पडणार आहे. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला झालेल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात महाड तालुक्यातला रायगड आहे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलं की लागणारा प्रतापगडही आहे. त्यामुळे या प्रकरणात आपण राजा, राणी, राज्य, दरबार यांचे फ्रेंच शब्द शिकू, पण व्हर्सायच्या बागेत न जाता. गड आपला, शब्द त्यांचे.

१. कोशकाराची युक्ती

राजेशाहीचे शब्द नव्याने शिकण्याचा मोठा उद्योग खुद्द रायगडाशी जोडलेला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा, अमरकोशाच्या धर्तीवर श्लोकांत रचलेला हा कोश. शब्द सुमारे चौदाशे. आपल्याला त्याची मांडणी उपयोगी आहे. शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, दहा वर्गांत आहेत. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग असे. म्हणजे किल्ल्याचे शब्द एका जागी, लिहिण्याचे एका जागी, बाजाराचे एका जागी. ज्याला ज्या खात्यात काम, त्याने तो वर्ग पाठ करावा.

परकी शब्दसंपदा शिकायला मला यापेक्षा चांगली वाट दिसत नाही. पाठ्यपुस्तकातल्या याद्या राजा, सफरचंद, छत्री, शुक्रवार अशा ओळीने येतात आणि तशाच ओळीने विसरल्या जातात. शब्द ज्या कामाचा, त्या कामाच्या जागी तो ठेवला की लक्षात राहतो. आपण आधी दुर्गवर्ग घेऊ, कारण गड समोरच आहे.

उच्चारांबद्दल तेवढं सांगून टाकतो. फ्रेंच शब्द इथे देवनागरीत कानाला जसे येतात तसे लिहिले आहेत. ‘झ’ दिसला तर तो ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा मऊ म्हणायचा. ‘र’ जिभेच्या टोकाने न म्हणता घशात घासायचा. शब्दाच्या शेवटी लिहिलेली व्यंजनं बहुतेक वेळा मुकी असतात, म्हणून फ्रेंच लिखाण लांबलचक दिसतं आणि ऐकायला आखूड लागतं.

२. शातो, फॉर्तरेस आणि कूर

‘शातो’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘कास्तेल्लुम’वरून आला, म्हणजे तटबंदीची छोटी जागा. मुळात तो किल्लाच होता. पुढे तोफा आल्या, उंच भिंतींचा उपयोग उरला नाही, सरदारांनी खिडक्या मोठ्या केल्या, बागा लावल्या, तरी नाव तेच राहिलं. आज नुसतं ‘शातो’ म्हटलं की फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे महाल येतो, द्राक्षमळ्याच्या मालकाची हवेलीसुद्धा येते. जुना लढाऊ किल्ला सांगायचा तर त्याला ‘शातो फॉर’ म्हणावं लागतं, म्हणजे बळकट शातो.

रायगडाला ‘फॉर्तरेस’ म्हणावं. फॉर्तरेस म्हणजे सगळी जागाच लढाईसाठी बांधलेली, आत वस्ती, बाजार, पाणी, देऊळ काही का असेना. पायथ्याला पाचाडला जिजाऊंसाठी बांधलेला वाडा होता, त्याला मात्र ‘शातो’ किंवा ‘पाले’ चालेल. ‘पाले’ म्हणजे राजवाडा. बालेकिल्ल्याला जवळचा शब्द ‘दोंझों’. किल्ल्यातला सर्वांत आतला, शेवटपर्यंत लढवायचा बुरूज म्हणजे दोंझों. हाच शब्द इंग्रजांनी नेला आणि त्याचा तळघरातला तुरुंग करून टाकला. साधा बुरूज म्हणजे ‘तूर’. पॅरिसचा आयफेल टॉवर तोही तूरच. हिरकणी बुरुजाला डोळे मिटून ‘ला तूर हिरकणी’ म्हणा.

आता महाद्वारातून, किंवा रोपवेने आलात तर मेणा दरवाज्याकडून, राजसदरेवर या. नगारखान्यापाशी उभं राहून हलक्या आवाजात बोललं तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, हे गडावर प्रत्येकजण एकदा करून बघतोच. ही उघडी, चौरस, भिंतींनी वेढलेली जागा म्हणजे फ्रेंचमधला ‘कूर’. कूरचे दोन अर्थ आहेत, अंगण आणि दरबार. मुळात घराभोवतालचं कुंपण घातलेलं आवार. राजाच्या आवारात जी माणसं जमत, त्यांचा मिळून दरबार झाला. शाळेचं मैदान तेही कूर आणि न्यायालय तेही कूर. इंग्रजीतलं ‘कोर्ट’ इथूनच आलं. आणि ‘बास-कूर’, म्हणजे खालचं अंगण, हा शब्द आजही कोंबड्या-बदकं पाळायच्या जागेला वापरतात. किल्ल्याच्या खालच्या आवारात कोंबड्या, वरच्या आवारात मानकरी. कोलाहल दोन्हीकडे असणार.

३. ‘र्वा’ची भावकी

राजा म्हणजे ‘र्वा’. राणी म्हणजे ‘रेन’. राज्य म्हणजे ‘र्वायोम’. राजाचं, राजेशाही थाटाचं ते ‘र्वायाल’. राजेपण किंवा राजसत्ता ती ‘र्वायोते’. राज्य करणं ‘रेन्ये’ आणि राज्यकाळ ‘रेन्य’. गावात एका आडनावाची पंचवीस घरं असतात आणि चेहरेपट्टीवरून कोण कुणाचा ते ओळखू येतं, तशी ही भावकी आहे. मूळ पुरुष लॅटिनमधला ‘रेक्स’, आणि त्याचं नातं आपल्या ‘राजन्’शी लागतं. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द एकाच आदिम धातूचे मानतात. लॅटिनमध्ये राणी ‘रेगिना’, संस्कृतात ‘राज्ञी’. एकीची ‘रेन’ झाली, दुसरीची ‘राणी’. हे शब्द आपल्याला लवकर पाठ होतात ते त्यामुळेच.

एक छोटं वाक्य म्हणून बघा: ‘ला रेन रेन्य.’ राणी राज्य करते. दोन शब्दांतला फरक शेवटच्या ‘न’ आणि ‘न्य’ यांच्यात आहे. दहा वेळा म्हटलं की जीभ वळते.

‘र्वा’ लिहिताना शेवटी जी दोन स्वरचिन्हं येतात, त्यांचा मिळून उच्चार ‘वा’ होतो. हा नियम एकदा कळला की ‘ल्वा’ म्हणजे कायदा आणि ‘फ्वा’ म्हणजे श्रद्धा हे शब्द फुकट मिळतात. फ्रान्सच्या जुन्या राजवटीचं ब्रीदच या तीन शब्दांचं होतं, एक राजा, एक कायदा, एक धर्म: ‘अँ र्वा, उन ल्वा, उन फ्वा’. यमक असं की उच्चाराचा धडाच वाटावा.

इंग्रजी येत असेल तर पुढचे शब्द तुम्हाला अर्धे येतातच. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या कित्येक पिढ्या तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. क्राउन, कोर्ट, पॅलेस, प्रिन्स, ड्यूक, रॉयल, एम्परर, मॅजेस्टी हे सगळं त्या लाटेत आलं. किंग, क्वीन, लॉर्ड असे मोजके घरचे शब्द तगले. म्हणून ‘प्रँस’, ‘प्रँसेस’, ‘कुरॉन’ म्हणजे मुकुट, ‘त्रोन’ म्हणजे सिंहासन, ‘आँपरर’ म्हणजे सम्राट हे वेगळे घोकावे लागत नाहीत. जिंकलेल्याची भाषा कारभारात शिरते हे आपल्याकडे बहमनी काळापासून चाललंच होतं. रघुनाथपंतांनी कोश केला तरी किल्ला, दरबार, दप्तर, तारीख हे फारसी-अरबी शब्द मराठीतून हलले नाहीत. माझ्या मते त्यांचं काम निम्मंच साधलं. त्यांनाही बहुधा त्याहून जास्तीची आशा नसावी.

४. स्वारी आली

मराठीत तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोनच. पुल्लिंगी शब्दापुढे ‘ल’ लागतं, स्त्रीलिंगीपुढे ‘ला’. राजा पुल्लिंगी आणि राणी स्त्रीलिंगी, तिथे अडचण नाही. अडचण निर्जीव वस्तूंची. आपले नपुंसकलिंगी ‘राज्य’ आणि ‘सिंहासन’ फ्रेंचमध्ये पुल्लिंगी होतात: ल र्वायोम, ल त्रोन. आपले पुल्लिंगी ‘मुकुट’, ‘दरबार’ आणि ‘किल्ला’ तिथे स्त्रीलिंगी होतात: ला कुरॉन, ला कूर, ला फॉर्तरेस. याला कारण विचारू नये. मराठीत भिंत ती आणि दरवाजा तो का, याचं उत्तर आपण तरी कुठे देतो?

राजाबद्दल बोलताना मात्र गंमत आहे. ‘महाराज’ या अर्थी आदराने ‘सा माझेस्ते’ म्हणतात. माझेस्ते म्हणजे थोरवी, आणि शब्द स्त्रीलिंगी. त्यामुळे दाढीमिशीवाल्या राजाबद्दल बोलतानाही पुढचं सर्वनाम ‘एल’, म्हणजे ‘ती’, येतं. ‘सा माझेस्ते एतारिव्हे’, महाराज आले. लिहिताना क्रियापदाला स्त्रीलिंगाची खूण जोडतात, बोलण्यात ती ऐकू येत नाही. इतर भाषांच्या माणसांना हे विचित्र वाटतं. आपल्याला वाटू नये. आपण ‘महाराजांची स्वारी आली’ म्हणतोच, आणि ‘आली’वर कुणाची भुवई वर जात नाही.

५. राज्याभिषेकाला कोणता शब्द?

शब्दकोश म्हणेल ‘कुरॉनमाँ’. त्यात ‘कुरॉन’ आहे, म्हणजे मुकुट घालणं. पण ६ जून १६७४ ला रायगडावर जे झालं, त्यात मुख्य गोष्ट मुकुट नव्हती. गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली तीर्थजलांचा अभिषेक झाला, मग महाराज सिंहासनावर बसले, डोक्यावर छत्र धरलं गेलं.

फ्रेंचमध्ये यासाठी नेमका शब्द आहे, ‘साक्र’. फ्रान्सचे राजे रँस शहराच्या कॅथेड्रलमध्ये जात. तिथे आर्चबिशप पवित्र मानलेल्या कुपीतलं तेल राजाला लावी. हे अभ्यंग झालं की मग मुकुट. साऱ्या विधीला नाव मिळालं ते मात्र तेलावरून, पवित्र करणं म्हणजे साक्र. चौदाव्या लुईचं साक्र जून १६५४ मधलं, रायगडाच्या राज्याभिषेकाच्या बरोबर वीस वर्षं आधीचं. रायगडावर छत्र धरलं गेलं तेव्हा फ्रान्सच्या गादीवर तोच होता. तेव्हा ‘ल साक्र द शिवाजी’ म्हणा. इथे पाणी, तिथे तेल, पण दोन्हीकडे राजा घडतो तो अभिषेकाने.

‘छत्रपती’चं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका. छत्राला ‘पारासोल’ म्हणता येतं, पण तो समुद्रकिनाऱ्यावरचा शब्द आहे. ‘छत्रपती’ तसंच ठेवून पुढे अर्थ सांगावा. फ्रेंच वाचकांना महाराज त्या काळापासून माहीत आहेत. ॲबे कॅरे नावाचा फ्रेंच धर्मगुरू १६६८ नंतर दोनदा हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन १६९९ साली पॅरिसला छापलं गेलं आणि त्यात शिवाजी महाराजांची हकिगत आहे. १६७७ च्या कर्नाटक स्वारीत पाँडिचेरीच्या फ्रांस्वा मार्टिनने आपला वकीलही महाराजांच्या छावणीत धाडला होता.

६. चंद्रराव आणि दोफँ

पोलादपूरच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे जावळीचं खोरं. तिथल्या मोऱ्यांचा दरारा खाली कोकणापर्यंत होता. रायरी, म्हणजे आजचा रायगड, त्यांच्याकडेच होती. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली आणि त्यापाठोपाठ रायरीही. त्यांचा विरोधक चंद्रराव मोरे आपण शाळेपासून ऐकतो. ‘चंद्रराव’ हे मात्र पाळण्यात ठेवलेलं नाव नव्हे. तो विजापूरच्या दरबाराने दिलेला किताब, जो जावळीच्या गादीवर बसेल त्याला लागायचा.

हे पक्कं ध्यानात घ्या आणि मग ‘दोफँ’ हा शब्द घ्या. दोफँ म्हणजे फ्रान्सचा युवराज. शब्दाचा सरळ अर्थ डॉल्फिन मासा! आल्प्सच्या बाजूच्या एका प्रांताच्या सरदारांना हा किताब होता, त्यांच्या निशाणावरही हा मासा असे. १३४९ साली तो प्रांत फ्रान्सच्या राजाला विकला गेला आणि तेव्हापासून गादीच्या वारसाला दोफँ म्हणू लागले. प्रदेश हातात आला तसा किताबही आला. साध्या राजपुत्राला ‘प्रँस’ म्हणायचं, गादीच्या पहिल्या वारसालाच ‘दोफँ’. ‘ल दोफँ’ आणि ‘अँ दोफँ’ यांत गल्लत केलीत तर ऐकणाऱ्याला युवराज दिसेल की मासा, हे सांगता येत नाही.

बाकीच्या पदव्या मूळ कामावरून लक्षात ठेवा. ‘द्यूक’ म्हणजे पुढे चालणारा, सैन्याचा म्होरक्या. ‘कोंत’ म्हणजे सोबती, राजाच्या बरोबर असणारा. ‘मार्की’ सीमेवरच्या मुलखाचा राखणदार. ‘शव्हालिए’ म्हणजे घोडेस्वार, कारण घोडा म्हणजे ‘शव्हाल’. यांना देशमुख, जहागीरदार असे मराठी शब्द एकास एक जोडू नका, दोन्हीकडची व्यवस्था निराळी.

एक पद मात्र ओळखीचं निघतं. ‘कोनेताब्ल’ म्हणजे मुळात तबेल्याचा अधिकारी. घोडदळ ज्याच्या हाती त्याच्या हाती फौज, या न्यायाने तो वाढत वाढत फ्रान्सच्या लष्कराचा सर्वोच्च अधिकारी झाला. १६२७ मध्ये ते पदच बंद झालं. रायगडावर हंबीरराव मोहिते सरनोबत होते, आणि सरनोबताचं राज्याभिषेकानंतर ‘सेनापती’ झालं, त्या तोलाचं हे पद. इंग्लंडात तोच शब्द खाली घसरत पोलीस ठाण्यात गेला आणि तिथून आपल्याकडे कॉन्स्टेबल होऊन आला.

७. महाड, २५ डिसेंबर १९२७

आतापर्यंतचे शब्द राजाच्या बाजूचे. रयतेच्या बाजूचे शब्द शिकायला गडावरून खाली महाडात यावं लागतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली. मनुस्मृतीचं दहन झालं ते याच दिवशी. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेची तुलना केली ती १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी. सोळाव्या लुईने बोलावलेल्या सभेची हकिगत त्यांनी कोकणातल्या गावागावांतून आलेल्या माणसांना मराठीत सांगितली, आणि परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही मंजूर केला.

ती हकिगत समजायला ‘एता’ हा शब्द लागतो. त्याचा एक अर्थ राज्यसंस्था, दुसरा अर्थ समाजातला वर्ग. जुन्या फ्रान्समध्ये असे तीन एता होते. पहिला ‘क्लेर्झे’, धर्मगुरू. दुसरा ‘नोब्लेस’, सरदार. उरलेले सगळे, म्हणजे शेतकरी, कारागीर, व्यापारी, वकील, ते ‘त्येर्झेता’, तिसरा वर्ग. तिघांच्या प्रतिनिधींची एकत्र सभा ती ‘एता झेनेरो’. लुईने ती बोलावल्याचं पत्रक २४ जानेवारी १७८९ चं. ५ मेला सभा सुरू झाली. मतं माणसागणिक मोजायची की वर्गागणिक, यावर अडलं, कारण वर्गागणिक मोजली तर दोन वरचे वर्ग एकत्र येऊन तिसऱ्याला कायम हरवणार. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने सांगून टाकलं की आम्हीच ‘आसाँब्ले नास्योनाल’, राष्ट्रीय सभा. २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था मोडायची होती, म्हणून ही सभा महाडला आठवणं अगदी स्वाभाविक होतं.

त्यानंतर फ्रेंच शब्दांत जी उलथापालथ झाली ती शिकणाऱ्याच्या फायद्याची आहे. ‘स्यूझे’ म्हणजे राजाचा प्रजाजन. तो गेला आणि ‘सित्वायँ’, नागरिक, आला. राजाची पदवी आधी ‘र्वा द फ्राँस’ होती, फ्रान्सचा राजा. ती ‘र्वा दे फ्राँसे’ झाली, फ्रेंच लोकांचा राजा. ‘द फ्राँस’ आणि ‘दे फ्राँसे’ एवढाच कानाला फरक, पण पहिल्यात राजा भूमीचा धनी आहे, दुसऱ्यात लोकांनी मानलेला. नाण्यांवर नवं ब्रीद आलं: ‘ला नास्यों, ला ल्वा, ल र्वा’. राष्ट्र, कायदा, राजा. पूर्वी पहिला असलेला राजा तिसरा झाला. सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाहीच रद्द झाली आणि लुईवर खटला चालला तो लुई कापे या साध्या नावाने. जानेवारी १७९३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

खुद्द ‘र्वा’चा उच्चारही या धामधुमीतून सुटला नाही. दरबारी लोक ‘र्वे’ म्हणत, ‘र्वा’ म्हणणं पॅरिसच्या सामान्य माणसाचं, गावंढळ समजलं जाई. क्रांतीनंतर तोच उच्चार शिष्ट ठरला. आज आपण ‘र्वा’ म्हणतो तो रस्त्यावरच्या माणसाने ठरवलेला.

८. सरावाला पत्ते

पत्त्यांचा जोड घ्या. आपल्याकडे राजा, राणी, गुलाम. फ्रेंच जोडात ‘र्वा’, ‘दाम’ आणि ‘व्हाले’. राणी इथे ‘रेन’ नाही, ‘दाम’ म्हणजे बाईसाहेब. बुद्धिबळातसुद्धा आपला वजीर जिथे असतो तिथे ‘दाम’च बसते. ‘व्हाले’ म्हणजे सेवक. पानांच्या कोपऱ्यांवर या शब्दांची आद्याक्षरं छापलेली असतात, त्यामुळे इंग्रजी पानांची सवय असलेल्याचा पहिल्या डावात हमखास गोंधळ होतो. क्रांतीच्या काळात ही पानंही बदलली होती. राजांच्या जागी ‘झेनी’ म्हणजे प्रतिभा, राण्यांच्या जागी ‘लिबेर्ते’ म्हणजे स्वातंत्र्य, गुलामांच्या जागी ‘एगालिते’ म्हणजे समता. खेळणाऱ्यांना ती काही फार दिवस रुचली नाहीत आणि राजे परत आले.

चौघे बसा. पान टाकताना त्याचं फ्रेंच नाव ‘ल’ किंवा ‘ला’ लावून म्हणायचं: ल र्वा, ला दाम, ल व्हाले. लिंग चुकलं की तो हात समोरच्याचा.